राखेची वात

"तुह्या खिशात कापूस काऊन राह्यते?"

विचारलं रीताने, पण प्रश्न तिचा नव्हताच. मैत्रिणींनी पैज लावली होती, आणि बारावीला आल्यापासून पैज म्हटली की रीताचे पाय जमिनीवर ठरत नव्हते. अश्वजित धावून आलेला, घामाने निथळलेला. पोलीस भरतीसाठी तो रोज शाळेच्या ग्राउंडवर पळायचा. त्याने खिशावर हात ठेवला, तिच्याकडे पाहिलं... आणि हळूच म्हणाला, "वातीसाठी."

एवढंच. पण ते पाहणं रीताच्या मनात रुतून बसलं.

घरी वेचणीचा कापूस होताच. तिने त्यातली पांढरीशुभ्र बोंडं निवडली, सरकी काढली, तंतू मोकळे केले. आई गुणाबाई वळते तशीच, बोटांना चुलीतली राख लावून, ओंजळभर वाती वळल्या आणि दुसऱ्या दिवशी न बोलता त्याच्या हातात ठेवल्या. त्याचे कान लाल झाले.

त्यानंतरच्या सकाळी तो धावता धावता कोसळला. खोकला थांबेना. रीता पाणी घेऊन धावली, तेव्हा त्याच्या मोज्यातून काळी नळी घरंगळली. व्हेप, आतल्या कापसाच्या वातीवर धूर काढणारी विजेची सिगारेट. मामेभावाने सीमेपलीकडच्या मंचेरियालहून आणलेली. आत तिची वात, जळून काळी झालेली.

"राख लावली होती काय?" त्याने धापा टाकत विचारलं.

"दिव्याची वात हाय ते. राखेनंच वळतेत. देवाजवळ लावाले देल्ली होती तुले."

"आमच्या घरी बुद्धापुढं मेणबत्ती लावतेत."

"मंग घेतली काऊन?"

त्याने बोटाने माती उकरली. "तू देल्ली म्हणून..."

रीताचा राग जागच्या जागी विरघळला. भीती मात्र तशीच राहिली. तिच्याच हाताने वळलेला कापूस त्याच्या छातीत धूर भरत होता. भरती तोंडावर आलेली, आणि छातीच साथ देईना.

"माही वात जळली तं उजेड पडते," ती म्हणाली. "तुह्या नळीत जळली तं काय पडते?"

"मी," तो म्हणाला. "पडलो नं आता."

दोघांनाही हसू आलं, पण टिकलं नाही. त्याने नळी तिच्यापुढे धरली. "मले सुटत नाई हे, रीता. एकट्यानं तं नाईच."

तिने नळी घेतली. बोटांना बोटं लागली — कोणीच हात मागे घेतला नाही.

"मंग एकट्यानं नको धावू."

संध्याकाळी गुणाबाई ओसरीवर वाती वळत होती. वडील भैयाजी शेतातून येऊन पाय धूत होते. बौद्धवाड्यातल्या पोराचं नाव या ओसरीवर कधी कोणी घेतलं नव्हतं. रीताने नळी दोघांच्या मधे ठेवली आणि ती कोणाची, कशी आली, सगळं सांगितलं. आईची राखेची बोटं थांबली.

"उद्यापासून मी भरतीची तयारी करणार हाय," रीता म्हणाली. "अश्वजितसंग धावणार. लपून करायचं नाई मले, म्हणून आजच सांगून राह्यली."