दगूबाईचा नारू

ही घटना खरी आहे. कुणाला पटवायची मला हौस नाही. उलट सांगताना माझीच मान खाली जाते.

कारण ज्यांच्या हातून ती घडली, ते माझे चुलत आजोबा. भाईदास नाना. मरायच्या आदल्या महिन्यात त्यांनी ती मला एकट्याला सांगितली.

१९३८ चा ज्येष्ठ. गाव प्रकाशा, तापीकाठ.

नाना पुण्याहून विज्ञान शिकून आले होते. बेडकांच्या बीजपेशी आणि माणसा-जनावरांच्या अंगातले जंत, हा त्यांच्या संशोधनाचा विषय. भाड्याच्या खोलीत एक सूक्ष्मदर्शक, स्पिरिटच्या बाटल्या आणि माठात बेडूक. दिवसभर डरांव डरांव.

विहिरीवरून बेडूक आणून द्यायची दगूबाई. तिच्या डाव्या पायात नारू झाला होता. दोऱ्यासारखा पांढरा, लांब जंत. घोट्याजवळच्या फोडातून तो बाहेर यायचा. ती काडीला गुंडाळून रोज थोडा थोडा काढायची.

नानांना अख्खा नारू हवा होता. लगेच.

"तोडू नको भाऊ," ती म्हणाली. "तुटना तं मी मरसू."

"काही व्हवाव नई, दगूबाई."

त्यांनी ओढला...

तुटला.

वीतभर तुकडा हातात आला. तो त्यांनी स्पिरिटच्या बाटलीत ठेवला. उरलेला आत गेला. पाय सुजला, ताप चढला. आठव्या दिवशी दगूबाई गेली.

तिचा नवरा दोधू विचारायला आला. "कसं व्हयनं, भाऊ?"

नाना म्हणाले, "तिनीच घाई करी."

दोधूनं कपाळावर हात मारून घेतला. जाताना नानांच्या पाया पडला.

तेरावं झालं. दुसऱ्या दिवशी भर दुपारी...

बेडूक गप्प झाले. सगळे. एकदम.

ओसरीवर पाऊल वाजलं. एक टेकलेलं... एक ओढलेलं.

नानांनी दार उघडलं. कुणी नव्हतं.

मग त्यांची नजर बाटलीवर गेली. तुकड्याची वेटोळी जास्त दिसत होती. त्यांनी तो काढून मोजला.

दीड वीत.

स्पिरिटमधला मेलेला जंत वाढत नाही. हे नानांपेक्षा कोण जास्त जाणणार?

दुसऱ्या दुपारी पुन्हा तेच. दोन वीत. नानांच्या वहीत ही मापं मी स्वतः पाहिली आहेत. रोज अक्षर जास्त वाकडं होत गेलेलं.

सहाव्या दुपारी चार वीत भरलं. अख्खा नारू साधारण तेवढाच असतो.

त्या दिवशी पाऊल दाराशी येऊन थांबलं... आणि परत गेलंच नाही.

"दगूबाई," नाना आतूनच म्हणाले, "मी दोधूले खरं सांगसू."

ते तसेच उठून दोधूच्या घरी गेले. दोधूनं खाट टाकली, तांब्याभर पाणी दिलं.

"तुम्ही तिन्हासाठे खूप करं, भाऊ," तो म्हणाला. त्याचे डोळे भरून आले होते.

नाना पाणी प्यायले. आणि उठून परत आले.

खोलीत बाटली रिकामी होती. बूच घट्ट बसलेलं. स्पिरिट थेंबभरही कमी नव्हतं.

तो कुठं गेला, नानांना कधीच कळलं नाही. मलाही माहीत नाही. नानांनी संशोधन सोडलं आणि शाळेत मास्तर झाले.

गेल्या वर्षी मी प्रकाशाला गेलो होतो. सांगून टाकायचंच, असं ठरवून. दगूबाईची नात कोकिळाबाई भेटली. म्हातारी झालीय आता.

"आजीनी घाई करी, म्हनीसन वारनी," ती सहज म्हणाली. "मन्हा आजोबा तिले मरेपर्यंत दोष देत व्हतात."

मी तोंड उघडलं...

"हो," म्हणालो.

तिनं चहा पुढं केला. मी तो प्यायलो.