उतरताना

त्या दुपारी मी पाय पुसायला घेतला होता. माझा नव्हे, टेबलावर आडवा ठेवलेला कृत्रिम पाय. नव्या माणसाला लावून बघायचा असला की आधीच्या माणसाचं जे काही त्यावर राहिलेलं असतं ते पुसून काढायचं, हे माझं काम. आतलं अस्तर मऊ असतं, त्यात घाम मुरतो, मलम मुरतं. कोमट पाणी, साबण, मग उग्र वासाचं औषध. बॅटरी तेवढी आधी काढून ॲप्रनच्या खिशात टाकायची, म्हणजे पाणी लागायला नको.

तो पाय माझ्या बहिणीचा होता.

सांगते. घाईने सांगण्यासारखं नाही ते.

मी ज्या प्रयोगशाळेत मदतनीस आहे तिथे माणसाचं चालणं मोजतात. लांबलचक खोली, मधोमध चालायची वाट, आणि वाटेच्या मध्यावर जमिनीत बसवलेली एक लोखंडी प्लेट. तिच्या चार कोपऱ्यांखाली चार सेन्सर आहेत. पाय पडला की तो भार विजेत उतरतो आणि विजेचे आकडे होऊन संगणकाच्या पडद्यावर येतात. भिंतींवर कॅमेरे आहेत. त्यांना माणूस दिसत नाही, फक्त चंदेरी मणी दिसतात. ते मणी मांडीला, गुडघ्याला, घोट्याला चिकटवायचे. बायकांना चिकटवायला बाई हवी, म्हणून मी. माणूस चालला की पडद्यावर काळ्या रंगावर नुसते ठिपके चालतात. बाहेरचा उजेड चमकू नये म्हणून खिडक्यांना जाड काळे पडदे. भर दुपारीही तिथे काळोख असतो आणि चिकटपट्टीच्या डिंकाचा वास.

कामाची एक पद्धत ठरलेली होती. जिना उतरण्याची चाचणी असली की प्लेटवर लाकडी पायरी ठेवायची. सगळ्यांनी बाजूला व्हायचं. मी वाकून बघायचं आणि मोठ्याने म्हणायचं, "रिकामी!" मग संगणकापाशी बसणारी इंजिनियर मुलगी बटण दाबून आकडा शून्यावर आणायची. त्या वेळी प्लेटवर जे असेल ते यंत्र धरतच नाही, जणू ते नाहीच. म्हणून रिकामी आहे ना, हे बघणं महत्त्वाचं.

धाकटी, म्हणजे माझी ही बहीण, एकदा मुद्दाम पायरीवर उभी राहिली होती. मी दुसरीकडे बघत असताना तिनेच माझा आवाज काढून "रिकामी!" म्हटलं आणि बटण दाबलं गेलं. मग ती खाली उतरली, तर पडद्यावर उणे बावन्न किलो.

"ताई, बघ गं!" ती हसत सुटली. "मी उतरले की जगाचं वजन कमी होतं!"

इंजिनियर मुलगीही हसली. सर हसले नाहीत. सर म्हणजे संशोधनाचे प्रमुख. धाकटीने त्यांचं नाव दशांश ठेवलं होतं, कारण कसं वाटतंय म्हणून विचारलं तरी ते उत्तर दशांशात मागायचे. "हा खेळ नाही," एवढंच म्हणाले.

धाकटीचा उजवा पाय कारखान्यातल्या अपघातात मांडीपासून गेला होता. सरांनी बनवलेल्या पायाच्या गुडघ्यात प्रकाशाची एक बारीक नळी होती. गुडघा वाकला की नळी वाकते, नळी वाकली की तिच्यातून जाणारा उजेड कमी होतो, आणि त्यावरून गुडघ्याला कळतं की आता कधी सुटायचं आणि कधी घट्ट व्हायचं. सुरुवातीला धाकटी खूश होती. नंतर म्हणायला लागली, "ताई, उतरताना अडकतो गं. क्षणभर. टक् असा आवाज येतो आणि पाय माझा राहतच नाही."

सरांना तिने सांगितलं. मीही सांगितलं. त्यांनी तिला पायरीवरून पुन्हा पुन्हा उतरवलं आणि पडदा तिच्याकडे वळवला.

"आलेखात काही दिसतंय? दिसत नाही. माणसाचं मन घाबरतं, यंत्र घाबरत नाही. सवय होईल."

सवय झाली नाही. तिच्या घराच्या जिन्यावरून ती उतरत होती. शेजारणीने आधी टक् असा आवाज ऐकला आणि मग बाकीचा.

सर घरी भेटायला आले. घरभर माणसं बसलेली. मान खाली घालून थोडा वेळ उभे राहिले आणि मग हळूच मला म्हणाले, "ताई, फार वाईट झालं. तो पाय संस्थेचा आहे, तेवढा..." पाय दारामागे उभा होता. त्यांनी तो उचलला, काखेत धरला आणि छत्री न्यावी तसा घेऊन गेले.

मी स्वभावाने मवाळ आहे. घरात कुणी आवाज चढवला तर मी भांडी घासायला उठते. पण त्या दिवसापासून माझ्या छातीत एक निखारा आहे. मी जेवते तेव्हा तो असतो, झोपते तेव्हा असतो. पुढे कळलं की धाकटीच्या सगळ्या चाचण्या त्यांनी अभ्यासातून काढून टाकल्या. तिचं चालणं "विश्वसनीय नव्हतं" म्हणे. लोक मला विचारत, अजून त्या माणसाकडे कामाला कशी जातेस? मी सांगत नसे. पाय तिथे होता म्हणून जात होते. आज ना उद्या तो आणखी कुणाला तरी लावणार, आणि त्या वेळी तिथे मी असायला हवी होते.

तो दिवस आला होता. नवी बाई शिवणकाम करणारी होती. चाळिशीची, बोलकी. माझ्याकडे बघून म्हणाली, "नीट पुसा हं. कुणाचा उतरवलेला ब्लाऊजसुद्धा मी धुतल्याशिवाय हातात घेत नाही, इथे तर अख्खा पाय आहे!"

मला हसू आलं, पण तेवढ्यापुरतंच. मी सरांपाशी गेले. "सर, हिला हा पाय देऊ नका. उतरताना अडकतो."

"तुमच्या भावना मी समजतो."

"भावना नाही सांगत, सर. गुडघ्याचं सांगतेय."

"ताई, पडदे ओढा."

मी पडदे ओढले. काय करणार होते? खोली काळी झाली. इंजिनियर मुलीच्या तोंडावर संगणकाचा निळा उजेड तेवढा राहिला. शिवणकामवाली खुर्चीत बसली होती. पाय अजून टेबलावरच ओला होता आणि मण्यांची डबी माझ्या हातात, झाकण लावलेली. मी पायरी प्लेटवर ठेवली, वाकून बघितलं. पायरीवर काही नव्हतं. आजूबाजूलाही कुणी नव्हतं.

"रिकामी," मी म्हणाले.

मुलीने बटण दाबलं. आकडा शून्य झाला.

मग टक् असा आवाज आला. अगदी हलका. लाकूड कुरकुरलं, जसं ते कुणी पायरीवरून उतरताना कुरकुरतं.

"सर..." मुलगी म्हणाली. "उणे बावन्न दाखवतंय."

 मला कापराचा वास आला. धाकटी मांडीला कापराचं मलम लावायची. तो पाय मी आत्ताच साबणाने धुतला होता, औषधाने पुसला होता.

"तार सैल असेल," सर म्हणाले. "पुन्हा शून्य कर."

तिने केलं. शून्य आलं आणि टिकलं. तिने सुस्कारा सोडला, पण तो अर्ध्यावरच अडकला. दुसऱ्या पडद्यावर, जिथे नुसते मणी दिसतात तिथे, एक ठिपका उगवला. मग त्याच्या वर दुसरा. घोटा, गुडघा, मांडी, कंबर. ते ठिपके चालत होते. डावा पाय सरळ पडत होता, उजवा जरा बाहेरून वळसा घेऊन येत होता. हे चालणं मी लाख माणसांत ओळखलं असतं. मी हातातली डबी हलवली. मणी आत खुळखुळले. सगळे आत होते.

"कुणी चालतंय का इथे?" शिवणकामवालीने विचारलं. तिचा आवाज अगदी बारीक झाला होता. "मला... मला वारा लागला."

"काहीतरी चमकतंय!" सर ओरडले. त्यांचा आवाज चढलेला मी पहिल्यांदा ऐकला. "ताई, तुम्ही काही ठेवलंय का? हा तुमचा प्रकार आहे का?"

आणि ते तरातरा गेले, पायरीवर चढले आणि कॅमेऱ्यांकडे मान वर करून शोधू लागले. पडद्यावरचे ठिपकेही पायरीवर चढले. सरांच्या अगदी मागे, अगदी चिकटून उभे राहिले.

प्लेट नीट चालते का बघायला सर दर आठवड्याला तिच्यावर उभे राहतात. त्यांचं वजन आम्हाला सगळ्यांना पाठ आहे, सत्तर.

"सर," मुलगी कुजबुजली, "एकशे बावीस... सर, खाली या. प्लीज... खाली या."

"नोंद काढून टाक," सर म्हणाले. "ही नोंद विश्वसनीय नाही."

त्या शब्दाने माझ्यातला निखारा पेटला. भीती होती, पण राग तिच्यापेक्षा मोठा होता. मी त्या शिवणकामवालीकडे वळले आणि आयुष्यात कधी ओरडले नव्हते तशी ओरडले.

"बाई, उठा! हा पाय लावू नका. माझी बहीण या पायाने मेली. उतरताना अडकतो. तिने सांगितलं, मी सांगितलं, या माणसाने ऐकलं नाही. घरात सगळी रडत बसलेली असताना हा पाय काखेत घालून घेऊन गेला!"

 टेबलावरच्या पायाच्या गुडघ्यात, त्या बारीक नळीत, लाल उजेड लागला होता. बॅटरी माझ्या खिशात होती. मी मुठीत घट्ट धरली, ती थंड होती.

सर पायरीवरून उतरायला लागले. एक पाऊल खाली टाकलं आणि...

टक्.

आवाज टेबलाकडून आला नाही. त्यांचा स्वतःचा उजवा गुडघा लाकडासारखा ताठ झाला. ते आडवे झाले ते थेट प्लेटवर. मुलगी धावली, मी दिवे लावले. उजेडात सगळं नेहमीसारखं होतं. पडद्यावर ठिपके नव्हते. सर जमिनीवर बसून दोन्ही हातांनी गुडघा दाबत होते, आणि त्यांच्या तोंडावर मी तेच बघितलं जे धाकटीच्या तोंडावर असायचं. पाय आपला राहिला नाही, हे कळल्यावर माणूस तसा दिसतो.

शिवणकामवाली कुबड्या घेऊन दारापर्यंत पोचली होती. जाताना तिने माझा हात धरला. "काही बोलू नका आता," म्हणाली. "मी ऐकलं."

तो पाय पुन्हा कुणाला लावला नाही. सरांनी दोष मान्य केला असं समजू नका. पाय कपाटात आहे, किल्ली त्यांच्याकडे आहे आणि कागदावर सगळं ठीक आहे. त्यांनी स्वतःचा गुडघा मात्र किती ठिकाणी दाखवला. फोटो काढले, तपासण्या केल्या. डॉक्टर म्हणतात, चित्रात काही दिसत नाही, मनाची भीती असेल, सवय होईल. हे मला इंजिनियर मुलीने सांगितलं. आम्ही दोघी त्यावर हसलो नाही.

सर आता जिना टाळतात. पण आमची लिफ्ट लहान आहे, चार माणसांची. तीन माणसं आधी असली आणि चौथे सर आत आले की ती भार जास्त झाला म्हणून ओरडायला लागते. दुसरं कुणीही चौथं आलं तर ओरडत नाही. कारागीर येऊन बघून गेला. त्याला काही सापडलं नाही. सर क्षणभर उभे राहतात, कुणी उतरतंय का बघतात. कुणी उतरत नाही. मग तेच बाहेर पडतात आणि कठडा धरून जिन्याने जातात.

संध्याकाळी घरी निघताना मला ते बरेचदा खालच्या वळणावर गाठतात. वरून टक् असा आवाज येतो, मग थांबणं, मग पुन्हा पावलं. माझा राग अजून गेलेला नाही, आणि जावा असं मला वाटतही नाही. जिना अरुंद आहे. मी बाजूला सरकते, पाठ भिंतीला पूर्ण टेकवते आणि श्वास आत ओढून घेते.

एकट्या सरांना वाट द्यायला एवढं सरकावं लागलं नसतं.