टप वर असता तर

जुन्या मोटारी ओळखणाऱ्या त्या माणसाला सगळे वैद्यबुवा म्हणत. नाडीवरून रोग सांगावा तसा तो नुसत्या मडगार्डवरून मोटारीचं कूळ सांगायचा. साठी उलटली तरी लग्न केलं नव्हतं. कुणी विषय काढलाच तर "बॉनेट उघडून बघता येत नाही हो, भरवसा कसा ठेवायचा?" म्हणत हसण्यावारी न्यायचा. लोक आजोबा-पणजोबांचे फोटो आणत, आपल्या घरी कधीकाळी कोणती गाडी होती ते विचारत, आणि उत्तर ऐकून छाती फुगवून परत जात. निरुपद्रवी नाद होता. त्यापायी कुणी रडलेलं त्याने पाहिलं नव्हतं.

म्हणून त्या दुपारी काठी टेकत आलेल्या मावशींनी त्याच्या शेडमधल्या टेबलावर फोटो ठेवला, तेव्हा हेही तसंच काही असेल असं त्याला वाटलं. त्याने स्टूल पुढे केलं.

फोटो मोटारीच्या मागून, जरा बाजूने काढलेला होता. लांबलचक, श्रीमंती उघडी मोटार. डोक्यावरचा टप घडी करून मागे बसवलेला. समोर दूरवर गेलेला मोकळा रस्ता. चालवणाऱ्याची फक्त टोपी दिसत होती. मागच्या सीटवर मात्र पाच-सहा वर्षांचा एक मुलगा गुडघ्यांवर उभा राहून, मागे वळून, तोंडभर हसत होता. पुढचे दात पडलेले होते.

"हा चिमण. माझा धाकटा भाऊ," मावशी म्हणाल्या. "काकांनी नवी गाडी आणली होती. एक चक्कर मारून आणतो म्हणाले. बाबांनी दारात उभं राहून फोटो काढला. त्यानंतर दोघांना कुणी पाहिलं नाही."

वैद्यबुवाने हातातलं भिंग खाली ठेवलं.

"बाबांनी घरात विषयच बंद करून टाकला. आई झुरून गेली. पण मला ठाऊक होतं हो. काकांना मूलबाळ नव्हतं, चिमणवर त्यांचा भारी जीव. त्यांनी नेलं त्याला. कुठेतरी लांब, चांगलं वाढवलं. आता नातवंडं असतील त्याला. टक्कल पडलं असेल बाबांसारखं." त्या हसल्या. "एवढी वर्षं मी त्याला मनातल्या मनात मोठा करत आलेय."

"आणि आता मावशी?"

"यंदा तलाव आटला ना. गाळात मोटार सापडलीय."

ती मोटार वैद्यबुवाने पाहिली होती. तपासावरच्या साहेबांनी त्यालाच बोलावलं होतं. पुढचा भाग गंजून खलास झाला होता, पण मागचा बांधा शाबूत होता. टपाच्या कमानी वर उभ्या, दारांच्या सगळ्या काचा चढवलेल्या, आत गच्च गाळ. तो गाळ आज उपसायचा होता.

"ती आमची नव्हे, एवढंच सांगा," मावशी म्हणाल्या. "निघाले तेव्हा टप खाली होता, हे बघा. तलावातल्या गाडीचा वर आहे म्हणतात."

टप काय, वाटेत कुठेही वर करता येतो. पण हे त्यांच्या तोंडावर बोलायची त्याला हिंमत झाली नाही. तो फोटोवर वाकला. त्या कंपनीने एकाच बांध्याच्या दोन उघड्या मोटारी काढल्या होत्या. एकीला दारातून वर येणाऱ्या काचा आणि जाड अस्तराचा टप. दुसरीला साधा कापडी टप आणि बटणांनी लावायचे पडदे. तलावातली काचांची होती. पण टप खाली असला, की मागून दोघी जुळ्या बहिणी. त्याने फोटो उजेडाकडे धरला, आडवा धरला, आणि अखेर नेहमीच्या सवयीने म्हणून गेला, "टप वर असता ना मावशी, तर एका नजरेत सांगितलं असतं."

मग तो त्यांच्यासाठी पाणी आणायला आत गेला. माठाचं झाकण उचलतो न उचलतो तोच त्याला आवाज ऐकू आला. जाड कापड ताणलं जाण्याचा आवाज. कमानी करकरल्या. मग खट्... आणि जरा वेळाने दुसरा खट्. टपाचे पुढचे दोन चाप बसले की असाच आवाज होतो. उभा जन्म त्याने तो ऐकला होता.

शेडमध्ये एकही मोटार नव्हती.

तो बाहेर आला तेव्हा मावशी फोटोकडे टक लावून बसल्या होत्या. "भाऊ..." त्या अगदी हळू म्हणाल्या, "चिमण कुठे गेला?"

फोटोत टप वर होता. जाड अस्तराचा, फुगीर. मागच्या दाराची काच काठोकाठ चढलेली. हसणारा मुलगा टपाखाली झाकला गेला होता.

आता ओळखायला काही उरलं नव्हतं; तलावातली मोटार तीच होती. वैद्यबुवाला बोलावंही लागलं नाही, त्याच्या चेहऱ्यावरूनच मावशींना कळलं. त्यांनी पदर तोंडाशी धरला. मनात वाढवलेला, टक्कल पडलेला, नातवंडांत रमलेला भाऊ त्यांच्या डोळ्यांदेखत मेला, आणि ज्या चेहऱ्यासाठी रडायचं तोही गेला. मी बोललो नसतो तर, असं वैद्यबुवाला वाटून गेलं.

शेडमध्ये ओल्या गाळाचा वास येऊ लागला होता.

"हा त्याचा एकच फोटो होता हो," मावशी पुटपुटल्या. मग त्यांनी एकदम त्याचं मनगट धरलं. "हे बघा... काचेवर..."

त्याने भिंग लावलं. काचेवर आतून वाफ धरली होती. मधोमध चिमुकल्या तळव्याने पुसल्यासारखं झालं होतं, आणि बघता बघता तेवढी जागाही पुन्हा धूसर होत होती.

"आत आहे तो! श्वास घेतोय. भाऊ, तुमचं ऐकते ना ती गाडी? तुम्ही म्हणालात आणि टप वर झाला. काच खाली घ्यायला सांगा!"

वेड्यासारखं आहे हे, असं त्याला वाटलं. तरीही तो फोटोपाशी तोंड नेऊन बोलू लागला. आयुष्यात लहान मुलाशी तो कधी इतक्या मऊ आवाजात बोलला नव्हता.

"चिमण... बाळा, घाबरू नकोस. दाराला खाली हँडल आहे बघ. गोल मुठीचं. दोन्ही हातांनी धर. हं... आता पाठीच्या बाजूला फिरव. जड जाईल. जोर लाव..."

कर्र... कर्र... आवाज कुठून येत होता कोण जाणे. मध्येच थांबला.

"दमला," मावशी कुजबुजल्या. "थोडंच राहिलं रे राजा. थोडंच."

कर्र... कर्र... कर्र...

काच खाली गेली. आत काळोख होता. वैद्यबुवाने भिंग अगदी टेकवलं. सीट रिकामी होती.

तेवढ्यात टेबलावरचा फोन वाजला. साहेब तलावावरून बोलत होते, आवाज चिरका झाला होता. "वैद्यबुवा, तुम्ही आज इथे येऊन काही हात लावलात का? मागच्या दाराची काच पार खाली गेलीय. सकाळी वर होती, मी स्वतः पाहिलीय. गाळ उपसला. स्टिअरिंगपाशी एका मोठ्या माणसाची हाडं आहेत. मागे कुणी नाही."

वैद्यबुवाने फोन ठेवून जसंच्या तसं सांगितलं. मावशी उठून उभ्या राहिल्या. रडत होत्या, हसतही होत्या. "निघाला! पोहायला येत होतं त्याला, बाबांनी शिकवलं होतं. बाहेर निघाला माझा चिमण!" त्यांनी हात जोडले. आणि तसे जोडलेलेच हात हळूहळू खाली आले.

"मग भाऊ... घरी का नाही आला तो?"

नजर चुकवायची म्हणून त्याने पुन्हा भिंगाला डोळा लावला. आणि दूर, मोटारीच्याही पुढे, मोकळ्या रस्त्यावर त्याला एक ठिपका दिसला. मघाशी तो नव्हता. भिंग जवळ नेलं तेव्हा ठिपक्याला पाय दिसले. ओली चड्डी दिसली. मुलगा पाठमोरा चालत होता.

"काय दिसतंय? मला या डोळ्यांनी इतकं बारीक दिसत नाही हो. आहे का तो?"

"आहे मावशी. रस्त्यावर आहे. चालतोय."

"इकडेच येतोय ना?"

"चिमण, मागे फिर," वैद्यबुवा ओठांतल्या ओठांत म्हणाला. "घर मागे आहे बाळा. मागे फिर." पुन्हा पुन्हा म्हणाला. टपाबद्दलचं ऐकलं गेलं होतं, काचेबद्दलचं ऐकलं गेलं होतं. हे कुणी ऐकलं नाही. दर खेपेला बघावं तर तो ठिपका आणखी लहान झालेला असायचा.

"सांगा ना भाऊ. इकडेच येतोय ना?"

"हो मावशी," तो म्हणाला. "इकडेच येतोय."

त्याने भिंग खाली ठेवलं नाही. मुलाचा एक हात वर उचललेला होता, मोठ्या माणसाचं बोट धरून चालताना असतो तसा. शेजारी कुणीही नव्हतं.