तीन शब्दांना एक सेकंद

सोमवारी सकाळी नऊ वाजता आत्यानं कॉम्प्युटर चालू केला, विद्यापीठाचं पान उघडायला बटण दाबलं, आणि पान काही येईना. पडदा पांढराफटक. वरच्या कोपऱ्यात ते छोटं चक्र गरगरत राहिलं. समोरच्या टायरच्या दुकानातला माणूस एका चाकाचे पाचही नट सोडवून मोकळा झाला, तेव्हा कुठं पान अवतरलं.

आत्या हे काही तिचं नाव नव्हे. पण ती धाकट्या भावाच्या घरी राहायची, भावाची मुलगी तिला आत्या म्हणायची, आणि मग शेजारपाजार, दूधवाला, लिफ्टवाला, सगळेच म्हणू लागले. वय बासष्ट. त्यातली अडतीस वर्षं टेलिफोन एक्स्चेंजमध्ये गेलेली. वडील गेले तेव्हा ती कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला होती आणि भाऊ सातवीत. कोणीतरी कमवायला हवं होतं. तिनं पुस्तकं गठ्ठ्यात बांधली आणि कानाला हेडफोन लावला. भाऊ शिकला, इंजिनिअर झाला. ह्या विषयावर घरात कधी कोणी चकार शब्द काढला नाही. निवृत्त झाल्यावर मात्र तिनं एक दिवस जेवता जेवता सांगून टाकलं, "राहिलेली पदवी घेणार आहे मी."

"आता कशाला ताई?" भाऊ म्हणाला.

"मग कधी? पुढच्या जन्मी?"

आता एकच पेपर उरला होता. तर्कशास्त्र. पुढच्या आठवड्यात गुरुवारी, अकरा वाजता, घरूनच. साठ प्रश्न, साठ मिनिटं. एका पानावर एक प्रश्न. उत्तर दिलं की पुढचं पान. परीक्षेसाठी हाच कॉम्प्युटर आणि हीच खोली नोंदवलेली होती, आणि त्यात आता बदल होणार नाही असं विद्यापीठानं दोनदा कळवलं होतं. आत्यानं हिशेब केला. एकेका पानाला बारा-तेरा सेकंद जाणार असतील, तर तासातली तेरा मिनिटं नुसती चक्राकडे बघण्यात जातील.

"बघतेच," ती म्हणाली आणि पदर खोचला.

त्या दिवशी तिनं ब्राउझरची पार झाडलोट केली. उघडे राहिलेले बावीस टॅब बंद केले. कधीकाळी भाचीनं घालून ठेवलेले, हवामान सांगणारे आणि भाषांतर करणारे जोड-प्रोग्राम उपटून काढले. आधी उघडलेल्या पानांच्या साठलेल्या प्रती, म्हणजे कॅश, पुसला, जुना इतिहास पुसला. व्हायरस शोधला, सापडला नाही. राउटर बंद करून चालू केला. प्रत्येक उपायानंतर एक नवं पान उघडून घड्याळ लावून मोजलं. फरक शून्य. भावाच्या मोबाइलवर त्याच वाय-फायनं तीच पानं डोळ्याची पापणी लवायच्या आत यायची.

मंगळवारी कॉम्प्युटरवाला आला. पन्नाशीचा, शांत, हातात स्क्रू-ड्रायव्हर धरला की शीळ घालणारा माणूस. त्यानं केबल बदलली, दुसरा ब्राउझर घातला, शेवटी मशीनच उचलून दुकानात नेलं. दोन दिवसांनी परत आणलं. नवीन डिस्क, सगळं कोरं.

"दुकानात वाऱ्यासारखा पळत होता, ताई," तो म्हणाला. त्यानं टेबलाखाली वाकून तारा जोडल्या आणि विद्यापीठाचं एक नवंच पान उघडलं.

पांढरा पडदा. चक्र. बाहेर टायरवाल्याचा हवेचा पंप फुसफुसत होता.

पान आलं. कॉम्प्युटरवाल्याची शीळ मध्येच थांबली.

"हे तुम्ही कधी उघडलं होतंत?" त्यानं विचारलं.

पानावर चाळीसेक दुवे होते. न उघडलेला दुवा निळा दिसतो, उघडून झालेला जांभळा. सगळेच्या सगळे जांभळे होते.

"डिस्क कोरी आहे ना?" आत्या म्हणाली.

"कोरी आहे. मी स्वतः घातली." त्यानं इतिहास उघडून पाहिला. रिकामा. तो आपली तार बोटांभोवती गुंडाळू लागला. "ताई, मशीनमध्ये दोष नाही."

"मग कशात आहे?"

तो दारातून मागे वळून एवढंच म्हणाला, "हे टेबल खिडकीकडे सरकवून बघा. नाहीतर राहू द्या." शीळ न घालता जिना उतरून गेला.

आत्यानं टेबल खिडकीकडे सरकवलं. फरक शून्य.

आता दुसरी कोणी असती तर हात टेकले असते. पण एक्स्चेंजमध्ये आत्याची ख्यातीच होती: लाइनमध्ये खरखर आली की बाकीच्या मुली ती लाइन सोडून द्यायच्या, आत्या खरखर कुठून येते ते सापडेपर्यंत उठायची नाही. शुक्रवारी सकाळी ती वही घेऊन बसली. पान कोणतं, त्यावर मजकूर किती, वेळ किती लागला, असे तीन रकाने पाडले. दुपारपर्यंत सत्तर पानं झाली.

चित्रांनी खच्चून भरलेलं, पण चारच ओळींचं पान पटकन येत होतं. तीनशे शब्दांचा साधा लेख यायला एक मिनिट चाळीस सेकंद. सहाशे शब्दांना तीन मिनिटं वीस. एकदा आलेलं पान दुसऱ्यांदा लगेच यायचं. कॅश पुसला तरी लगेच. आणि चुकून एका परक्या लिपीतलं पान उघडलं गेलं, जी घरात कोणालाच वाचता येत नव्हती. ते लांबलचक होतं, पण क्षणात आलं.

तीन शब्दांना एक सेकंद. आत्यानं स्वतः एक लेख घड्याळ लावून मनातल्या मनात वाचून पाहिला. तिचा वेग यापेक्षा थोडाच जास्त होता.

तिनं भिंतीतून इंटरनेटची तार उपसून काढली. कॉम्प्युटरवरच तीस शब्द टाइप केले, आजच्या कामांची यादी, आणि ती फाइल ब्राउझरमध्ये उघडली. आता बाहेरून काही यायचा प्रश्नच नव्हता.

दहा सेकंद.

तिनं वहीत दहा हा आकडा लिहिला, नीट, रकान्याच्या आत. एक्स्चेंजमध्ये कधीकधी दोन माणसांच्या बोलण्यात तिसरा कोणीतरी गुपचूप फोन उचलून ऐकत असायचा. तो बोलत नसे, श्वाससुद्धा ऐकू येत नसे. फक्त आवाजाची धार किंचित बोथट व्हायची. आत्याला ते बरोबर कळायचं. आत्ता तिला तसंच वाटलं.

संध्याकाळी भाची आली. ती दवाखान्यात रक्त तपासायची; भुताखेतांवर तिचा विश्वास नव्हता आणि आत्याचाही नव्हता. तिनं वही उलटसुलट चाळली.

"म्हणजे काय, आत्या?"

"म्हणजे माझ्याआधी कोणीतरी वाचतंय."

"कोण?"

"ते मला काय ठाऊक? पण वाचायला शिकलेलं नवंनवं दिसतंय. फार रेंगाळतं."

भाची हसायला गेली, पण हसू ओठांवरच राहिलं. "परीक्षा पुढे ढकल ना. अर्ज करू आपण."

"बेचाळीस वर्षं ढकलली," आत्या म्हणाली. "आणखी ढकलायची नाही. ते हळू वाचतं ना? मग त्याला भरभर वाचायला लावते."

शनिवारपासून आत्यानं खरोखरच तो उद्योग मांडला. सकाळी आठ ते एक, मग चहा, मग दुपारी दोन ते सहा. ती एकामागून एक लांब पानं उघडत सुटली. आधी सोपे लेख, छोट्या वाक्यांचे. मग अवघड. मग तर्कशास्त्राचे धडेच्या धडे. पान यायची वाट पाहताना ती शब्द न् शब्द मोठ्यानं वाचायची, त्याच पानाची प्रत भावाच्या मोबाइलवरून आधीच छापून हाताशी ठेवलेली असायची. आवाज मुद्दाम घाईचा ठेवायची, म्हणजे मागे पडणाऱ्याला पळावंच लागेल. भाऊ दारात येऊन उभा राहायचा, मग निघून जायचा.

रविवारी सेकंदाला चार शब्द झाले. सोमवारी सहा. मंगळवारी दुपारी एक अख्खा धडा ती पहिलं वाक्य संपवते न संपवते तोच पडद्यावर उभा राहिला.

"शाबास," आत्याच्या तोंडून निघून गेलं. खोलीत तिच्याशिवाय कोणी नव्हतं.

बुधवारी तिनं सराव परीक्षा उघडली. प्रश्न झटपट येत होते. फक्त कोड्यासारखे, दोनदा वाचावे लागणारे प्रश्न आले की पान अडखळायचं. वीस सेकंद, तीस सेकंद. आत्या वहीत लिहीत गेली. हा काही वाचायचा वेळ नव्हता. एका प्रश्नापाशी तर चाळीस सेकंद गेले, आणि पान आलं तेव्हा चार पर्यायांपैकी दुसऱ्याभोवती बारीक ठिपक्यांची चौकट होती. की-बोर्डाच्या बटणानं निवड सरकवली की उमटते, तशी. आत्याचे दोन्ही हात मांडीवर होते.

उत्तर चुकीचं होतं. पुढच्या तशा प्रश्नाला बरोबर आलं. त्यापुढच्यालाही.

तिनं कॉम्प्युटर बंद केला आणि स्वयंपाकघरात जाऊन पाणी प्यायली. भाचीनं विचारलं, "झाला का वेगवान?"

"झाला," आत्या म्हणाली. बाकीचं सांगितलं नाही.

गुरुवारी अकरा वाजता पेपर सुरू झाला. भावानं बैठकीतल्या टीव्हीची पिनसुद्धा काढून ठेवली होती. पहिला प्रश्न लगेच आला. दुसरा लगेच. आत्या वाचत होती, उत्तर देत होती, पुढे जात होती. विसावा प्रश्न बाराव्या मिनिटाला. छत्तिसावा तिसाव्या मिनिटाला. मान अवघडली, ती तिनं वळवलीही नाही.

एकेचाळिसावा प्रश्न येईना.

चक्र फिरत राहिलं. वीस सेकंद. चाळीस.

एक मिनिट.

आत्या खुर्चीच्या काठावर सरकली. "चल," ती हळूच म्हणाली. "चल, मला पुढे जायचंय."

पान आलं. पाच विधानं, चार पर्याय. तिनं वाचलं, पुन्हा वाचलं. तिला येत नव्हतं. तिसऱ्या पर्यायाभोवती ठिपक्यांची चौकट होती.

टायरवाल्याचा पंप बंद होता. सगळीकडे शांत होतं. आणि त्या शांततेत तिच्या उजव्या कानामागची हवा किंचित बोथट झाली होती, कोणीतरी खांद्यावरून वाकावं तशी.

"तुझं तुझ्यापाशी," आत्या म्हणाली. "हा पेपर माझा आहे."

तिनं विधानं कागदावर मांडली, वर्तुळं काढली, खोडली. दुसरा पर्याय निवडला आणि पुढचं बटण दाबलं.

बेचाळिसावा प्रश्न लगेच आला. त्यानंतर एकही अडखळला नाही. साठावा संपला तेव्हा चार मिनिटं शिल्लक होती.

निकाल आठवड्याभरात लागला. साठपैकी बावन्न. भाचीनं आत्याला उचलून गरकन फिरवलं. आत्यानं उत्तरसूची उघडली, एकेचाळिसाव्या प्रश्नावर बोट ठेवलं. बरोबर उत्तर तिसरं होतं. तिनं मान डोलावली. आठ चुकांतली ती एक तिला बाकीच्या बरोबर उत्तरांइतकीच आवडली.

कॉम्प्युटर त्यानंतर पुन्हा कधी मंदावला नाही. पानं नेहमीसारखी यायची, न उघडलेले दुवे निळे दिसायचे. आत्या दोन दिवस मोजत राहिली, मग तिनं मोजणं सोडून दिलं. गेलं म्हणायचं.

रविवारी सकाळी सगळे चहाला बसले होते. भाऊ खोलीत गेला, घडी केलेला एक कागद घेऊन आला आणि तिच्या बशीशेजारी ठेवला. त्याचे कान लाल झाले होते.

"बाबांनी तीन दिवस घेतले लिहायला," भाची म्हणाली. "मलाही दाखवलं नाही."

"तोंडानं जमलं नाही, ताई," भाऊ म्हणाला. "मागेच सांगायला हवं होतं. वाच."

आत्यानं चष्मा लावला. ह्या माणसानं आयुष्यात तिला कधी दोन ओळी लिहिल्या नव्हत्या. तिनं घडी उलगडली.

कागद पांढरा होता.

तिनं तो उलटा केला. पांढरा. पुन्हा सुलटा केला. वर पाहिलं, तर भाऊ तिच्या चेहऱ्याकडे टक लावून बसला होता. भाची तिच्या खांद्यावरून वाकून बघत होती, आणि भाचीचे डोळे डावीकडून उजवीकडे सरकत होते, ओळीमागून ओळ. ते भरून आले.

"मोठ्यानं वाच ना आत्या," भाची म्हणाली.

"अक्षर लागत नाही का?" भाऊ म्हणाला. "पहिल्यापासून गिचमिडच आहे माझं."

"थांब," आत्या म्हणाली.

वरच्या डाव्या कोपऱ्यात 'ताई' उमटलं. मग बराच वेळ काही नाही. मग दुसरा शब्द, मग तिसरा. एकेक, चाचपडत. दुसऱ्या ओळीच्या मध्यावर भावानं काहीतरी लिहून खोडलं होतं. तिथं आल्यावर ते थांबलं, आणि खोडलेल्याखाली काय होतं ते बघत राहिलं.