ठमाबाईचा हात

ही गोष्ट खरी आहे. ज्याला खोटी वाटते त्याने खुशाल पुढे जावं, मी हात धरून बसवणार नाही.

घडली ती माझ्या सख्ख्या मावशीच्या बाबतीत. रंगूबाई तिचं नाव. साल १९७४, महिना एप्रिल, वार शुक्रवार. आणि वेळ रात्रीची नाही, भर दुपारची.

भिवंडीत कल्याण नाक्याच्या पुढे तेव्हा रॉकेलचे स्टोव्ह जोडायचा एक कारखाना होता. चारी बाजूंना कापड विणायचे लूम. दिवसभर इतकी खडखड, की शेजारणीशी बोलायचं तर ओरडावं लागे. मावशी खारबावहून एसटीने यायची.

आधी बायका गोल करून बसत आणि जिला जे जमेल ते ती जोडे. मग शेठने मुंबईहून एक साहेब आणला. गळ्यात घड्याळ, हातात खडू. त्याने जमिनीवर रेघा मारल्या, अकरा टेबलं एका रांगेत ठोकली. प्रत्येकीला एकच काम, चाळीस सेकंदांच्या आत उरकायचं. माल हातोहात पुढे सरकायचा. बायका त्याला घड्याळसाहेब म्हणायच्या.

पाचव्या जागेवर ठमाबाई. पंपाच्या दांडीवर चामड्याचा वॉशर चढवायची. वॉशरला तेल लागतं, कारखान्याचं तेल होतंही. पण ही बया डोक्यावरून बोट फिरवायची आणि तेच वॉशरला लावायची. कापूर घातलेलं खोबरेल!

सहाव्या जागेवर मावशी. तो पंप टाकीत बसवून आवळायची. एखादीचं काम तुंबलं की ती शेजारणीला म्हणायची, "हात दे गं." शेजारीण मुकाट्याने हात द्यायची.

मार्चमध्ये ठमाबाई तापाने गेली. चौथ्या दिवशी साहेबाने तिची जागाच रद्द केली. स्टुलावर वॉशरचा डबा ठेवला आणि तिचं काम मावशीच्या गळ्यात मारलं.

सत्तर सेकंदांचं काम, द्यायचं चाळीस सेकंदांत. तासाभरात टेबलावर ढीग झाला. साहेब ओरडतोय, मागून माल येतोच आहे. मावशीला रडू फुटलं. सवयीने तिच्या तोंडून निघून गेलं...

"ठमे, हात दे गं."

पुढची दांडी ओढली...

वॉशर चढवलेला होता.

तिला वाटलं, चौथ्या जागेवरच्या पार्वतीने चढवला. तिने खुणेने विचारलं. पार्वतीने मान हलवली. दुसरी दांडी ओढली, तिलाही वॉशर. बोट नाकाशी नेलं...

कापूर.

 मावशी कधी खोटं बोलली नाही. मला म्हणाली, "भ्या वाटलं रे. पन बरं बी वाटलं. ढीग सरला ना!"

पंधरा दिवस हे असंच चाललं. ती कोणाला काही बोलली नाही.

आणि तिथेच घोळ झाला. घड्याळसाहेब भलताच खूश. दहा जणींत अकरा जणींचं काम निघतंय म्हणजे एक बाई फुकट बसत होती, तशी अजून एक असणारच, असा त्याने हिशेब काढला. त्या शुक्रवारी सकाळी त्याने फर्मान सोडलं.

"सोमवारपासून नऊ. शेवटची ती नवी मुलगी कमी करा."

शेवटची नवी मुलगी म्हणजे तुळजा. ठमाबाईचीच लेक! आई गेल्यावर घरात कमावती ती एकटी.

दुपारी जेवणाची सुट्टी झाली. बायका बाहेर चिंचेखाली गेल्या. मावशी तेवढी जागेवरच बसून राहिली. शुक्रवारी भिवंडीत लूमना सुट्टी. सगळीकडे चिडीचूप.

त्या शांततेत...

टक.

...टक.

दांडी टेबलावर ठेवल्याचा आवाज. डाव्या हाताला. रिकाम्या स्टुलापाशी.

दुसरी कोणी असती तर किंचाळत पळाली असती. मावशी उठली, कमरेला पदर खोचला आणि त्या स्टुलासमोर उभी राहिली.

"ठमे, पुरे कर! कोनाला हात देतेस तू? त्या घड्याळवाल्याला? तुज्या हातापायी तुजीच पोर घरी बसतेय. आईच पोरीच्या पोटावर पाय देतेय, कळतंय का तुला? चूक माजी. मीच बोलावला तुला. आता मीच सांगते, हात काढ! काढ हात!"

बोलताना ती ढसाढसा रडत होती.

टक... अर्ध्यावरच थांबलं.

सुट्टी संपली. माल सुरू झाला. मावशीने दांडी ओढली.

कोरडी. वॉशर नाही.

पाहता पाहता ढीग झाला. पुढच्या जणी रिकाम्या बसल्या. साहेब धावत आला. "बाई, हात चालवा! पंधरा दिवस जमत होतं ना?"

"दोन हात हायत, सायेब. तुमचं घड्याळ लावा नि मोजा."

त्याने मोजलं. सत्तर. मावशी म्हणाली, "परत मोजा." परत सत्तर.

"तुम्ही मुद्दाम करताय. काढून टाकीन!"

"काढा." मावशीने दोन्ही हात मांडीवर ठेवले. "पन त्या स्टुलावर मानूस बसल्याबिगर मी दांडीला हात लावनार न्हाय."

मग पार्वतीने हात मांडीवर ठेवले. मग सातव्या जागेवरच्या बाईने. बघता बघता दहाही जणींनी. शेवटी शेठ आला, रांगेकडे बघितलं आणि म्हणाला, तुळजाला आईच्या जागेवर बसवा, शेवटच्या जागेवर दुसरी बाई घ्या.

साहेबाचं तोंड एवढंसं झालं. जाता जाता त्याने विचारलं, "मग इतके दिवस वॉशर कोण चढवत होतं?"

"ठमाबाई."

तो हसला. सकाळच्या मालातला एक वॉशर उचलून त्याने नाकाशी नेला...

त्याचं हसू तिथेच थांबलं. तो पुन्हा कधी त्या टेबलाजवळ फिरकला नाही.

सोमवारी सकाळी तुळजा स्टुलावर बसली आणि चटकन उठली.

"मावशी... स्टूल गरम हाय. कोनी बसला व्हता का?"

कारखाना नुकताच उघडला होता. आत या दोघीच.

मावशीने स्टुलावर हात ठेवून बघितला. मग म्हणाली, "बस पोरी. मी तिला हात काढ बोलले. जा असा न्हाय बोलले."

तुळजाने त्या स्टुलावर अठरा वर्षं काढली. ते रोज सकाळी गरमच असायचं म्हणे.

मावशीला जाऊन आता नऊ वर्षं झाली. खारबावचं तिचं घर बंदच असतं. मागच्या महिन्यात तिथली लाकडी पेटी मी एकटाच बाहेर काढत होतो. उंबऱ्यात अडकली. पलीकडून कोणी उचललं असतं तर निघाली असती. शब्द अगदी ओठांवर आला होता.

मी तोंड दाबून धरलं. पेटी तिथेच सोडून कुलूप लावलं आणि निघून आलो.

पाठीमागे घरात काहीतरी सरकल्याचा आवाज झाला. मी वळून बघितलं नाही.

पेटी अजून उंबऱ्यातच आहे की नाही, मला माहीत नाही.