कालचीच नोंद

सकाळच्या फेरीआधी प्रत्येक रुग्णाची नोंद संगणकावर करायची असे. डॉक्टरीणबाईंची पद्धत सोपी होती: कालची नोंद उचलायची, आजच्या पानावर चिकटवायची, बदललं असेल तेवढंच बदलायचं. सगळेच तसं करत. पण बाईंचं काम सगळ्यांआधी उरके आणि त्याचा त्यांना थोडा तोराही होता.

खिडकीजवळच्या खाटेवरचे गाण्याचे मास्तर वारले आणि त्याच खाटेवर एक प्लंबर आला. ऑपरेशन साधं, पित्ताशयाचं. ते झाल्यावर घाईघाईत बाईंनी त्याच्या नावावर मास्तरांचीच नोंद चिकटवली. औषधं तेवढी बदलली. 'उजव्या कानाने ऐकू येत नाही. धाप लागते. मुलीची वाट पाहतात,' हे तसंच राहून गेलं.

दुसऱ्या दिवशी प्लंबरने डावा कान पुढे केला. "जरा मोठ्यानं बोला हो."

"नाटकं नुसती!" त्याची बायको हसली. "घरी मी कुजबुजले तरी ऐकू जातं यांना."

दुपारी त्याला धाप लागली. सगळ्या तपासण्या झाल्या, कशात काही निघेना.

"मुलगी पोचली का?" त्याने विचारलं.

बायकोचं हसू मावळलं. "डॉक्टर, आम्हाला मूलबाळ नाहीये."

बाईंनी नोंद उघडली. कान, धाप, मुलगी: सगळं मास्तरांचंच होतं. भुलीचा अंमल असेल, योगायोग असेल, त्यांनी मनाला बजावलं. नोंद मात्र चुकली होती, यात शंका नव्हती. ती खोडायची तर कारण लिहावं लागणार, ते थेट मोठ्या डॉक्टरांपुढे जाणार, आणि बाईंची नोकरी कायम करायची की नाही हे त्यांच्याच हातात होतं.

"उद्या करते दुरुस्त," त्या म्हणाल्या.

"उद्या?" सिस्टरने त्यांच्याकडे रोखून पाहिलं. "मास्तर गेले, त्याच्या आदल्या दिवशी त्यांनाही अशीच धाप लागली होती."

तेवढ्यात मास्तरांची मुलगी आली, वडिलांचं सामान न्यायला. परदेशातून धावतपळत आली होती, तरी भेट हुकली होती.

प्लंबर उठून बसला. "आलीस, बुटके? किती वाळलीस गं!"

तिच्या हातातली पिशवी खाली पडली. या नावाने तिला फक्त एकच माणूस हाक मारायचा. ती खाटेच्या कडेवर टेकली आणि तिने त्याचा हात धरला.

"बाबा."

"अहो, हा माझा माणूस आहे!" बायको ओरडली. "डॉक्टर, काहीतरी करा ना!"

"थोडा वेळ," मुलगी मान न वळवता म्हणाली. "थोडाच वेळ राहू द्या."

त्याचे ओठ निळे पडत चालले होते.

बाईंनी नोकरीवर पाणी सोडलं. 'चूक माझी. ही नोंद दुसऱ्या रुग्णाची आहे,' असं लिहिलं आणि नोंद खोडली.

धाप थांबली.

प्लंबरने उजव्या हाताने डोळे चोळले आणि बायकोकडे पाहिलं. "अगं, पाणी दे ना."

ती रडायलाच लागली. बाईंचा जीव भांड्यात पडला.

मुलगी उठायला गेली. तिला उठता येईना.

प्लंबरने खाली पाहिलं. त्याच्या डाव्या हाताने तिचा हात घट्ट धरला होता आणि अंगठा तो हळूहळू कुरवाळत होता.

"डॉक्टर," तो दबक्या आवाजात म्हणाला, "हे मी करत नाहीये."