सहावी खुळखुळ

नटाने कॅमेऱ्यावर नेम धरून चाप ओढला. नुसतं ‘खट’ व्हायचं होतं, झाला बार. कॅमेऱ्याशेजारी बसलेला दिग्दर्शक खुर्चीसकट मागे पडला, तो उठलाच नाही.

तासाभरात इन्स्पेक्टर मॅडम स्टुडिओत पोचल्या, तोवर गुन्हेगार तयारच होता. सेटवरच्या बंदुका तीस वर्षं सांभाळणारा मास्तर दोन्ही हात पुढे करून बसला होता.

“चूक माझी. घाला बेड्या.”

आयतं वाढलेलं ताट मॅडमना कधीच गोड लागत नसे.

“काडतुसं तपासली होती?”

“सहाही. सगळ्यांसमोर.” मास्तरने टेबलावरचं एक काडतूस उचलून कानाशी हलवलं. “खोट्यात दारूऐवजी छर्रा घालतात. तो खुळखुळतो. खरं असेल तर खुळखुळत नाही.” बोलताना त्याची नजर दाराकडे गेली. दारात त्याची मुलगी उभी होती, सेटवरची त्याची मदतनीस. तिने मान हलवली. “हे बघा, वाजलं,” मास्तर म्हणाला.

“मग सहांत एक खरं कसं निघालं?”

“म्हातारा झालो, मॅडम. सुटलं हातून.”

मॅडम खिडकीकडे वळल्या आणि पाठमोऱ्याच म्हणाल्या, “खरी कुठे ठेवता?”

मास्तर ढिम्म. मुलगी म्हणाली, “घरच्या कपाटात. बाबांचा परवाना आहे. किल्ली आम्हा दोघांकडे असते.” मग थांबून, “बाहेर तुमच्या पर्समधला फोन थरथरतोय.”

मॅडमना काही ऐकू आलं नव्हतं. बाहेर जाऊन पाहिलं, तर खरंच. पोरीचे कान मोठे तिखट.

सेटवरच्या गमतीजमती टिपणाऱ्या कॅमेरावाल्याकडून त्यांनी सकाळचं चित्रण मागवलं, तीनदा पाहिलं आणि मुलीला बोलावलं.

“रोज कुठे उभी असतेस?”

“दिग्दर्शकांच्या मागे.”

“आज?”

“आज... बाजूला. दिव्यांपाशी.”

तिला बाहेर बसवून मॅडमनी दार लावलं आणि मास्तरसमोर एक काडतूस धरलं. “हे तपासा.”

त्याने कानाशी हलवलं. बंद दाराकडे पाहिलं. घुटमळला. “वाजलं.”

“यातला छर्रा मी आत्ताच काढायला लावला, मास्तर.”

त्याने काडतूस खाली ठेवलं. “माझ्या नावावर लिहा ना,” तो हात जोडून म्हणाला. “माझं काय राहिलंय? तिला सोडा.”

मॅडमनी मुलीला आत घेतलं. ती बापाकडे पाठ करून उभी राहिली.

“तुझे बाबा बहिरे आहेत. ओठ वाचतात. काडतूस ते हलवायचे, ऐकायचीस तू. चित्रणात ते सहा वेळा तुझ्याकडे बघतात आणि सहा वेळा तू मान हलवतेस. पर्समधला फोन ऐकणाऱ्या पोरीला न वाजलेलं काडतूस कळलं नाही? आणि नेमकी आजच गोळीच्या वाटेतून बाजूला झालीस. कपाटाची किल्ली तुझ्याकडेही होती; खरं काडतूस तूच मिसळलंस. बाबांना बार होताक्षणी उमगलं. म्हणून त्यांनी हात पुढे केले.”

मुलगी रडली नाही. “त्या दिग्दर्शकानेच बाबांचे कान घालवले. शिपायाच्या वेशात उभं केलं, दिवसभर बंद खोलीत पूर्ण दारूचे बार उडवले. कानात बोळे घालू दिले नाहीत, पडद्यावर दिसतात म्हणे. परवा त्याला कळलं बाबांना ऐकू येत नाही, तर हसला. ‘बहिऱ्याच्या हातात बंदूक? शेवटचा सिनेमा तुझा.’ माझ्या बाबांना.”

“एवढी बाबांची माया, आणि गुन्हा त्यांनी अंगावर घेतला तेव्हा गप्प बसलीस?”

“आधी सांगणार होते.” तिने खांदे उडवले. “मग वाटलं, त्यांचं झालंय सगळं. माझं अख्खं आयुष्य पडलंय. आणि ते मला वाचवणार हे मला ठाऊकच होतं, मॅडम. म्हणून तर मान हलवली.”

आजवर मॅडमनी बरेच खुनी पाहिले होते, असा एकही नाही.

“काय म्हणाली?” मास्तरने मागून विचारलं. पोरीचे ओठ त्याला दिसत नव्हते. “मॅडम, काय म्हणाली ती?”

मुलगी वळली नाही. सांगायचं मॅडमवरच आलं. त्या त्याच्या समोर खुर्ची ओढून बसल्या, त्याला नीट वाचता यावं म्हणून चेहरा उजेडात धरला आणि सावकाश तोंड उघडलं.

मास्तरने डोळे घट्ट मिटून घेतले. हात मात्र बेड्यांसाठी पुढेच होते.